उतारावरची चोरी

१

शेड रिकामी होती, आणि त्या रिकाम्या शेडमध्ये सगळं जागच्या जागी होतं. चाकांना लावायच्या दोन विटा भिंतीशी एकावर एक रचलेल्या. स्टिअरिंगला अडकवायचा लोखंडी दांडा त्याच्या खिळ्यावर टांगलेला, त्याचं कुलूप त्यालाच लावलेलं. जमिनीवर तेलाचा डाग होता. त्या डागावर काल संध्याकाळपर्यंत उभी असलेली निळी गाडी तेवढी नव्हती.

सर्व्हेअर कमरेवर हात ठेवून बघत राहिला. विमा कंपनीसाठी एकतीस वर्षं त्याने चेपलेली, जळलेली, बुडालेली आणि चोरीला गेलेली वाहनं तपासली होती. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी सगळे त्याला सर्व्हेअरच म्हणत. म्हणत एवढंच, बोलावत कुणी नसे. म्हणून सकाळी सात वाजता ड्रायव्हिंग स्कूलच्या बाईंचा 'गाडी गेली' असा फोन आला, तेव्हा त्याला आधी आनंद झाला आणि मग त्या आनंदाची लाज वाटली.

"चोर शिस्तीचा दिसतो," तो म्हणाला.

"टोमणे नंतर मारा. आधी नीट बघा," बाई म्हणाल्या.

बाईंचं वय पासष्ट, गुडघे कुरकुरणारे, आणि आवाज मात्र बाजूच्या सीटवरून हुकूम सोडणाऱ्या माणसाचा. अर्धं गाव त्यांच्याकडे गाडी शिकलं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्यांमधले दोष काढणाऱ्या सर्व्हेअरला स्वतःला गाडी येत नव्हती. छप्पन्नाव्या वर्षी तो बाईंकडे शिकायला आला आणि परीक्षेत चार वेळा नापास झाला. पाचव्यांदा परीक्षकच कंटाळला असावा. पण त्या निळ्या गाडीत, बाजूला बाई आणि त्यांच्या पायाखाली तो दुसरा, शिकवणाऱ्याचा ब्रेक असताना त्याला जेवढं निर्धास्त वाटलं, तेवढं नंतर कधीच वाटलं नाही. बायको गेल्यावर तर नाहीच. ती गाडी त्याचीही थोडी होती, असं त्याला आज पहिल्यांदाच कळलं.

"तुमचे उपाय सगळे केले होते?"

"रोजच्या रोज. चाकं भिंतीकडे वळवून विटा. दांडा. छुपा स्विच बंद. आणि तुमचं ते रोटरचं पुराण."

जुन्या गाडीला महागडी यंत्रं लावण्यात अर्थ नसतो, हे त्यानेच बाईंना गाडी शिकता शिकता सांगितलं होतं. म्हणजे शिकायला आलेला तो, आणि शिकवतही तोच होता. "चोराला चोरी अशक्य करता येत नाही बाई, फक्त कंटाळवाणी करता येते," असं त्याचं ठरलेलं वाक्य होतं. दांडा, विटा आणि सीटखालचा तो स्विच बाईंकडे फार आधीपासून होते. स्विच बंद असला की गाडी मेल्यासारखी, किल्ली फिरवली तरी हूं नाही की चूं नाही. सर्व्हेअरने त्यात भर घातली ती रोटरची. इंजिनात ठिणगी वाटून देणारा अंगठ्याएवढा काळा तुकडा असतो, तो रोज संध्याकाळी काढून घरात न्यायचा. फुकटातला उपाय. तो तुकडा नसला तर इंजिन नुसतं घरघरतं, पेट घेत नाही.

"रोटर कुठाय?"

बाई त्याला घरात घेऊन गेल्या. दारातच एक खुर्ची होती, दाराकडे तोंड केलेली. शेजारच्या स्टुलावर पत्र्याची डबी. त्यांनी झाकण काढलं. आत रोटर पडलेला होता.

सर्व्हेअरने डबीत पाहिलं, मग उघड्या दारातून रिकाम्या शेडकडे पाहिलं. टेबलावर दोन कोरडे कप पालथे होते आणि भिंतीवर एक जुना फोटो. निळी गाडी, तिच्या एका बाजूला तरुणपणीच्या बाई, दुसऱ्या बाजूला तशाच नाकाची आणखी एक मुलगी.

"ही कोण?"

"धाकटी बहीण. आधी आम्ही दोघी शिकवायचो. आता ती बाहेरगावी असते." बाईंनी झाकण लावलं.

"पोलिसांत कळवलं?"

"नाही आणि कळवणारही नाही."

"मग गाडी मिळायची कशी?"

"गाडी नाही मिळाली तरी चालेल," बाई म्हणाल्या, आणि हुकूम सोडणारा तो आवाज पहिल्यांदाच खाली आला. "पहाटे कोण आलं होतं, तेवढं मला सांगा."

२

ज्याला गाडी उघडता येते त्याच्याकडे आधी जावं, या न्यायाने सर्व्हेअर फिटरकडे गेला. पाच वर्षांपूर्वी फिटरने कोपऱ्यावरचं गॅरेज चालवायला घेतलं आणि तेव्हापासून निळ्या गाडीची नाडी तोच बघत होता. तो एका टेम्पोखाली झोपलेला होता. बाहेर दिसत होते ते फक्त पाय.

"गेली?" पाय म्हणाले. "अरेरे! तिचा कार्बोरेटर मला हवा होता हो. भंगारात देणार म्हणून बाईंनी महिन्यापूर्वी पाटी लावली, तेव्हापासून मी मागतोय."

"म्हणजे तुला गाडीत रस होता."

फिटर घसरत बाहेर आला. तोंडावर काळं, त्यात डोळे तेवढे पांढरे. "साहेब, चोराच्या उलट्या बोंबा म्हणाल, पण मला कार्बोरेटर हवा असता तर स्क्रू काढून नेला असता. खटारा कशाला ढकलत नेऊ?"

"रोटर काढलेला असतो हे तुला ठाऊक होतं?"

"न ठाऊक असायला काय झालं? तपासायला आणतात तेव्हा स्वतःच्या हातानं डबीतून काढून बसवतात. मला हात लावू देत नाहीत."

"मग दुसरा रोटर कुठं मिळेल?"

फिटर हात पुसता पुसता थांबला. "आज सगळ्यांना रोटर पाहिजे. तुम्ही दुसरे."

"पहिलं कोण?"

"मघाशी शटर उघडत होतो तेव्हा फोन आला. माझ्या गॅरेजच्या पाटीवरचा नंबर बघून केला असणार. बरोबर याच गाडीचा रोटर आहे का म्हणे. एवढ्या जुन्या गाडीचा कुठून असणार? नाही म्हटलं, तर ठेवून दिला."

"आवाज कुणाचा होता?"

"बाईमाणसाचा," फिटर म्हणाला.

३

रोटर विचारणारी बाई म्हटल्यावर सर्व्हेअरला एकच दार आठवलं. दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात फोनवर एक बाई बसत, आणि डॉक्टरांना जुन्या गाड्यांचं वेड होतं. घराच्या मागे तीन गाड्या आणि चौथीसाठी मोकळी जागा. निळ्या गाडीसाठी त्यांनी बाईंच्या घराचे उंबरे झिजवले होते.

डॉक्टर मोकळेच होते. त्यांनी सर्व्हेअरला सवयीने खुर्चीत आडवं केलं आणि वरचा दिवा लावला. चौकशी करायला गेलेला माणूस स्वतःच आ करून पडला, म्हणजे चोरावर मोर झालाच.

"गेली?" डॉक्टर पलीकडच्या स्टुलावर बसले. त्यांच्या तोंडावरचा रंग खरंच उडाला होता. "कोणी नेली? कशी नेली? इंजिनला इजा नाही ना?"

"तेच विचारायला आलोय. तुमच्या फोनवरच्या बाईंनी सकाळी गॅरेजला फोन केला का?"

"त्या अकरापर्यंत येतच नाहीत. आणि कशाला करतील?" डॉक्टरांनी खण ओढला. साच्यांच्या शेजारी कापसावर तीन रोटर मांडून ठेवलेले होते. "बाईंनी मला स्वतः दाखवलं होतं, कसा काढतात, कुठं ठेवतात. मला चोरायची असती तर एक खिशात घालून गेलो नसतो?"

सर्व्हेअरने तिन्ही रोटर निरखून पाहिले. तो उठून बसला.

"माझं दुःख वेगळंच आहे," डॉक्टर म्हणाले. "मी म्हटलं, बाई, मी तिला लेकीसारखी सांभाळीन. तर म्हणाल्या, भंगारात देईन पण तुम्हाला देणार नाही. सरळ तोंडावर! मग मी काय केलं, ताकाला जाऊन भांडं लपवत नाही, सरळ सांगतो. गावात भंगाराचं आवार एकच. तिथल्या मालकाला जाऊन भेटलो. म्हटलं, सोमवारी ती निळी गाडी आली की तोडू नकोस, मला दे."

"मग?"

"तो म्हणाला, कुठली निळी गाडी? त्याला कुणी फोनसुद्धा केलेला नव्हता. पाटी लागून महिना झाला, सर्व्हेअर. येत्या सोमवारी ट्रक येणार, असं त्या पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय. आणि ट्रक पाठवणाऱ्यालाच काही माहीत नाही."

४

बाईंच्या भिंतीला भिंत लागून राहणारे मास्तर हे निवृत्त हेडमास्तर. त्या गाडीचा धूर, त्या गाडीचा आवाज, त्या गाडीने अडवलेलं फाटक, अशा तक्रारींची एक फाईलच त्यांनी बनवली होती. संशय घ्यावा तर यांचा, आणि तो घेतला तर त्यांना अभिमानच वाटला असता.

"मी? छे! मी लेखी देतो, चोरत नाही," मास्तर म्हणाले. "आणि नेणार कशी? त्या रोज संध्याकाळी बॉनेट उघडून आतून काहीतरी काढतात, रुमालात पुसतात आणि डबीत ठेवतात. सगळ्या गल्लीनं पाहिलंय."

"पहाटे काही ऐकलंत?"

"ऐकलं नसतं तर नवल. सव्वापाचला जाग आली ती त्या आवाजानंच. घर्र घर्र घर्र. थांबायचं, पुन्हा घर्र घर्र. पाच-सहा वेळा. मी तारीख-वेळ टिपून ठेवलीय, बघा. मग सगळं शांत झालं."

सर्व्हेअरने वही पाहिली. अक्षर वळणदार होतं. त्याच्या मनात मात्र दुसरंच काही वळत होतं. मास्तरांना एवढ्या जाड भिंतीपलीकडून जाग आली. शेड बाईंच्या खिडकीखाली. आणि बाई एकदाही म्हणाल्या नव्हत्या की आवाज ऐकला.

तो गल्लीच्या उतारावर आला. बाईंचं घर वरच्या टोकाला, तिथून रस्ता घसरगुंडीसारखा खाली जातो. मधल्या वळणावर पाववाला सायकलला टेकून उरलेले पाव विकत होता. पहाटे पाचपासून रस्त्यावर असणारा हा एकच माणूस.

"निळी गाडी? पाहिली की!" पाववाला म्हणाला. "मला वाटलं भूतच. आवाज नाही, दिवे नाहीत, वरून सुळकन खाली आली. मी सायकलसकट गटारात."

"आत कोण होतं?"

"अंधार होता हो. पण गंमत सांगू का? रस्त्यावर मी आणि एक कुत्रं, तिसरं कुणी नाही. तरी वळायच्या आधी खिडकीतून हात बाहेर आला. सरळ, खांद्याच्या रेषेत. इतका वेळ धरला की मला वाटलं आता मला हाकच मारतील. मग गाडी उजवीकडे वळली आणि हात आत गेला."

सर्व्हेअर त्याच्याकडे पाहतच राहिला. डावीकडे मोठा रस्ता, पळून जायचा. उजवीकडे जाऊन चोर काय करणार होता?

"सुटे आहेत का?" पाववाल्याने विचारलं. पण सर्व्हेअर तोवर चढ चढायला लागला होता, आणि त्याच्या वयाच्या मानाने फारच जोरात.

५

बाई त्याच दारातल्या खुर्चीत बसल्या होत्या. सर्व्हेअर धापा टाकत पायरीवर बसला.

"सांगा," त्या म्हणाल्या.

"आधी तुम्ही सांगा. पहाटे झोपला होतात?"

बाईंनी डबीचं झाकण घट्ट दाबलं.

"बरं, मग मी सांगतो. चोरानं दांडा तोडला नाही, उघडला. म्हणजे किल्ली होती. दांडा खिळ्यावर टांगला, विटा रचल्या. ही सवय आहे, चोराला सवय नसते. मास्तरांनी घरघर ऐकली, म्हणजे छुपा स्विच चालू केला होता, नाहीतर गाडी हूं की चूं करत नाही. इथपर्यंत सगळं ठाऊक असलेला माणूस. पण मग पाच-सहा वेळा नुसती किल्ली फिरवत बसला. म्हणजे रोटर काढलेला असतो, हे त्याला ठाऊक नव्हतं."

"हं."

"फिटरला ठाऊक आहे. डॉक्टरांना ठाऊक आहे. मास्तरांनी तर ते वहीत लिहिलं असेल. गल्लीतल्या कुत्र्यालाही जे ठाऊक, ते एकट्या चोराला ठाऊक नाही. रोटरची युक्ती मी तुम्हाला सहा वर्षांपूर्वी सांगितली. चोर त्याच्या आधी या घरात होता आणि त्यानंतर कधी आला नाही. सकाळी गॅरेजला फोन आला तो बाईमाणसाचा. आणि रिकाम्या रस्त्यावर, पहाटेच्या अंधारात, वळायच्या आधी चोरानं खिडकीतून हात दाखवला."

बाईंनी मान वर केली. "कसा?"

"सरळ. खांद्याच्या रेषेत. बराच वेळ."

"माझ्याकडं शिकलेलं कुणीही तसा दाखवेल." बाई म्हणाल्या. त्यांना वाद घालायचा नव्हता, तो हरायचा होता.

"मीही तुमच्याकडं शिकलोय बाई. मी नाही दाखवत, कुणीच नाही दाखवत. बघायला कुणी नसताना दाखवतो तो शिकणारा नव्हे, शिकवणारा. तुमची धाकटी आली होती."

बाईंनी डोळे मिटले. सर्व्हेअरला वाटलं, एवढी साधी गोष्ट ऐकण्यासाठी हे माणूस किती वर्षं थांबलेलं असेल.

"मला एकच कळत नाही," तो हळूच म्हणाला. "घराचं कुलूप नवं, स्कूलच्या शटरचं नवं. त्या दांड्याचं मात्र वीस वर्षांपूर्वीचं. ट्रक येणार म्हणून पाटी लावलीत, आणि ट्रकवाल्याला फोन केला नाहीत. चोरीची तयारी चोरानं केली नाही बाई, मालकिणीनं केली."

"सात वर्षं झाली," बाई म्हणाल्या. "ती म्हणाली, स्कूलच्या पाटीवर माझंही नाव टाक. मागत होती ते रास्तच होतं. पण मला वाटलं, मी हिला वाढवली, मी हिला शिकवली, आणि ही माझ्याकडं हक्क मागते? म्हटलं, गाडी माझी, पाटी माझी, तुझं इथं आहे काय? तिनं सगळ्या किल्ल्या टेबलावर टाकल्या आणि गेली. रात्री मी त्या मोजल्या. एक कमी होती. दांड्याची."

त्यांनी उघड्या दारातून शेडकडे पाहिलं.

"त्या एका किल्लीवर मी सात वर्षं काढली, सर्व्हेअर. ते कुलूप कशी बदलू? तिची किल्ली चालली पाहिजे ना. गाडीची किल्ली तर पूर्वीसारखी सीटखालीच ठेवत आले. पण मग वाटायचं, एखाद्या दिवशी गुपचूप येईल, गाडी घेऊन जाईल, आणि मला पत्ताही लागणार नाही. तेवढ्यात तुम्ही रोटरचं सांगितलंत. म्हटलं, हे बरं. गाडी सुरू करायची तर डबी लागेल, आणि डबी घरात. म्हणजे दार वाजवावं लागेल."

सर्व्हेअरला स्वतःचं ते ठरलेलं वाक्य आठवलं आणि तोंडात माती गेल्यासारखं झालं. चोर बाहेर ठेवायला दिलेली युक्ती या बाईंनी सहा वर्षं रोज संध्याकाळी माणूस आत आणायला वापरली होती.

"पहाटे आवाज ऐकला," बाई सांगत होत्या. "उठले, दिवा लावला, डबी घेतली, या खुर्चीत बसले. दोन कप काढून ठेवले. रोज नाही हो काढत, एवढी वेडी नाही मी. आवाज ऐकून काढले."

"मग दार का उघडलं नाहीत?"

"तेच तर. कडीला हात लावला होता. मग वाटलं, सात वर्षं मी वाट पाहिली, एकदा तिनं वाजवावं. एकदाच. पाच मिनिटं गेली, दहा गेली. बाहेर गेले तर शेड रिकामी. मग वाटलं, खरंच कुणी भुरटा असला तर? मी म्हटलं असतं की ती आली होती, तर ते माझं वेड ठरलं असतं. तुम्ही तिला कधी पाहिलेलंही नाही. तुम्ही म्हणालात तर ते खरं."

"पण गाडी नेली कशी, हे तुम्हाला सुचलं नाही?" सर्व्हेअर उठला. "जन्मभर या उतारावर माणसांना शिकवलंत बाई, आणि उतारच विसरलात. इंजिन लागतं कशाला? हँडब्रेक सोडला की झालं. आणि इंजिन नसलेली गाडी उतार संपेल तिथं थांबते. उजवीकडं वळून उतार कुठं संपतो?"

बाई उभ्या राहिल्या. कुरकुरणारे गुडघे त्या विसरूनच गेल्या.

"गोदामामागचं मैदान," त्या म्हणाल्या. "आमचं शिकवायचं मैदान."

"काखेत कळसा आणि गावाला वळसा. चला, माझी गाडी आहे."

६

सर्व्हेअरने गाडी एवढ्या हळू चालवली की पाववाल्याने त्यांना सायकलवरून मागे टाकलं. बाई बाजूला बसून, नसलेल्या ब्रेकवर पाय दाबत होत्या. मांडीवर दोन्ही हातांत डबी. वाटेत त्या एकदाच बोलल्या. "नसली तिथं तर?" सर्व्हेअरने गिअर बदलला. नसली तर काय, हे त्यालाही पेलणारं नव्हतं.

मैदानावर गवत गुडघाभर वाढलं होतं. मधोमध निळी गाडी उभी होती, चाकं सरळ, एका रेषेत. बॉनेट उघडं होतं. ड्रायव्हरच्या सीटवर, दार उघडं टाकून, एक बाई पाय बाहेर सोडून बसली होती. हातात फोन, पण ती फोनकडे पाहत नव्हती.

"केस पिकले हिचे," बाई स्वतःशीच म्हणाल्या. फोटोतलं नाक तेच होतं, बाकी सगळं सात वर्षांनी बदललं होतं. सर्व्हेअर गाडीशीच थांबला. बाई गवतातून एकट्या चालत गेल्या. तो मुद्दाम दुसरीकडे पाहत होता, पण कान काही दुसरीकडे वळत नाहीत.

धाकटी उठली नाही. "पोलीस कुठायत?" तिने विचारलं.

"नाही आणले."

"का? चोरीच आहे. गाडी तुझी, पाटी तुझी."

"पोलिसांत नाव सांगावं लागतं. सात वर्षांत मी तुझं नाव तोंडातून काढलेलं नाही. पहिल्यांदा काढायचं ते चौकीत?"

धाकटीने मान खाली घातली. तिचा आवाज अगदी लहान झाला. "सोमवारी तोडणार कळलं म्हणून आले. मला ती भंगारात जाताना सहन होईना. वाटलं, एवढं तरी माझं असू दे."

"मग दार वाजवायचंस."

"पायरी चढले होते, ताई. दोनदा चढले. आत दिवा लागलेला दिसला. तू जागी होतीस, एवढ्या घरघरीनं उठली होतीस. मी तिथं उभी राहून वाट पाहिली, आत्ता कडी वाजेल, आत्ता वाजेल. तू आलीच नाहीस. मग मला कळलं, तुला मी नकोच आहे."

बाईंच्या तोंडून काही तरी निघालं, पण ते शब्द नव्हते. त्या एका दाराच्या दोन बाजूंना दोघी उभ्या होत्या, मध्ये चार बोटं लाकूड, आणि दोघींनी आपापल्या बाजूने दुसरीचं उत्तर ठरवून टाकलं होतं. सर्व्हेअरने एकतीस वर्षांत नुकसानीचे पुष्कळ अंदाज काढले होते. याचा आकडा त्याला काढता आला नसता.

बाई बॉनेटपाशी गेल्या. डबीतून रोटर काढला, रुमालाने पुसला आणि जागेवर बसवला. त्यावरची टोपी लावली, तिच्या दोन्ही क्लिपा दाबल्या, बॉनेट बंद केलं. हे सगळं होईपर्यंत त्यांनी धाकटीकडे पाहिलं नाही.

"कर सुरू."

धाकटीने किल्ली फिरवली. गाडी खोकली, थरथरली आणि धडधडायला लागली. मैदानावरच्या चिमण्या उडाल्या.

"घेऊन जा," बाई इंजिनाच्या वर आवाज काढून म्हणाल्या. "तुझ्या नावावर करून देते. तुझीच आहे."

"मी मागायला आले नव्हते," धाकटी म्हणाली. "आणि मागणारही नाही."

"नको मागूस. मीच आलेय मागायला."

"काय?"

बाई दाराला धरून उभ्या होत्या. गुडघे आता चांगलेच दुखत असणार. बोलताना त्या रडत होत्या आणि ते लपवत नव्हत्या.

"तुला. मला गाडी नकोय गं. तू हवी आहेस. तेव्हाही हवी होतीस."

इंजिन चालत राहिलं. धाकटीने स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले आणि समोर पाहिलं. सर्व्हेअरला वाटलं, आता ती पहिला गिअर टाकेल आणि निघून जाईल.

मग तिने डोळे पुसले, हात लांब केला, बाजूच्या सीटवरची आपली पिशवी उचलली आणि मागच्या सीटवर टाकली.